सह्याद्रीत बारा महिने एकच बूट: वॉटरप्रूफचा नाद सोडा, आधी सोल बघा

दरवर्षी पहिला पाऊस पडला की मला चार-पाच जणांचे मेसेज ठरलेले, आणि प्रश्न पण ठरलेला, "ट्रेकसाठी शूज कुठले घेऊ रे, बजेट कमी आहे, वर्षभर चालले पाहिजेत आणि वॉटरप्रूफ पाहिजेत." आता यातला शेवटचा शब्द आहे ना, तिथेच पैसे जातात. बारा-पंधरा वर्षं गडांवर भटकून, तीनदा सोल निघून, दोनदा अंगठ्याची नखं काळी करून घेऊन माझं जे मत झालंय ते सरळ सांगतो. कमी पैशात बारमाही जोड पाहिजे असेल तर पैसे रबरावर आणि मापावर घालवा, पाणी आत येणारच आहे, ते बाहेर कसं जाईल ते बघा.

गंमत म्हणजे आपल्याकडे स्वस्त ट्रेकिंग बुटाचं नावच मुळात "हंटर". शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव कायद्याची बंदी आहे, शिकारी कोणी उरला नाही पण बूट उरला. हिरवट किंवा काळ्या कॅनव्हासचा, घोट्याच्या वर जाणारा, खाली काळं रबर, पोलीस-मिलिटरी सामानाच्या दुकानात टांगलेला असतो तो. त्याच्याबद्दल पुढे बोलूच, कारण तो बूट चेष्टेचा विषय नाहीये.

आधी जमीन बघा

हिमालयासाठी किंवा परदेशासाठी लिहिलेले रिव्ह्यू वाचून लोक बूट घेतात आणि मग लोहगडाच्या पायरीवर ऑगस्टमध्ये बसकण मारतात. आपल्या सह्याद्रीचा दगड म्हणजे बेसॉल्ट, काळा कातळ. कोरडा असेल तर कुठल्याही बऱ्या रबराला तो असा पकडतो की भिंतीसारख्या चढावर पण पाय टिकतो, आणि हाच कातळ पावसात शेवाळला की साबण. शेवाळावर कुठलाच सोल टिकत नाही, सात हजारांचा पण नाही, तिथे पाय कुठे टाकायचा हीच अक्कल लागते. पण नुसता ओला कातळ आणि शेवाळलेला कातळ यात फरक आहे, आणि नुसत्या ओल्या कातळावर चांगलं रबर आणि भिकार रबर यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

ऑक्टोबर आला की चिखल सुकतो, गवत पिवळं पडतं आणि कुसळं चालू होतात. ज्यानं जाळीचे रनिंग शूज घालून ऑक्टोबरमध्ये गवताळ माचीवरून चाल केलीय त्याला विचारा, कुसळ जाळीतून सॉक्समध्ये आणि सॉक्समधून कातडीत, दर दहा मिनिटांनी थांबून काढत बसायचं. थंडीत पहाटे निघालात तर दवानं बूट असे भिजतात की पाऊस पडून गेलाय असं वाटावं. आणि फेब्रुवारीनंतर घसारा. घसारा म्हणजे आपल्याकडचा खरा व्हिलन, सुकलेल्या मातीवर मुरमाचे बारीक खडे, बॉल बेअरिंगवर चालल्यासारखं. कात्रज ते सिंहगड रात्री केलात तर टेकड्या चढताना काही वाटत नाही पण प्रत्येक उताराला कोणीतरी एक बसून खाली जातो, आणि ज्याचे सोल झिजलेले तो सगळ्यात आधी.

म्हणजे एकाच जोडाकडून आपण काय काय मागतोय बघा. ओल्या कातळावर पकड, चिखलात रुतून बाहेर पडायची ताकद, कुसळ आणि करवंदाच्या काट्यांपासून आडोसा, घसाऱ्यावर टाचेची पकड, आणि हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारखं काही करणार असाल तर मोठमोठ्या धोंड्यांवरून उड्या मारताना तळव्याला मार लागू नये इतका जाड तळ. हे सगळं शंभर टक्के देणारा बूट नसतो. सत्तर-सत्तर टक्के सगळीकडे देणारा शोधायचा.

वॉटरप्रूफचं काय

वॉटरप्रूफ बूट खोटे नसतात, नीट समजून घ्या. आत एक बारीक पडदा असतो, गोअर-टेक्सचं नाव सगळ्यांनी ऐकलंय, बाकी कंपन्यांचे आपापले असतात. पाण्याचा थेंब त्यातून आत येत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाते. वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते, थंड असली तर अजून चांगलं. युरोपात, हिमालयात ते जमतं. जुलैमध्ये भीमाशंकरच्या जंगलात हवाच घामेजलेली असते, तिथे वाफ जाणार कुठे. पाय आतूनच भिजतो.

आणि हे झालं नुसत्या पावसाचं. अंधारबनच्या जंगलवाटेनं पिंपरी गावावरून भिऱ्याकडे उतरताना ओढे लागतात, पाणी बुटाच्या गळ्यावरून सरळ आत येतं. आता तो पडदा उलटं काम करतो, आत आलेलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. दोन्ही पायात एकेक तांब्या पाणी घेऊन पचक-पचक चालायचं, दुसऱ्या दिवशी पण ओले, तिसऱ्या दिवशी वास. साध्या कापडी-जाळीच्या बुटातलं पाणी वीस-पंचवीस पावलांत दाबून निघून जातं. म्हणून पावसाळी सह्याद्रीसाठी मी म्हणतो, पाय ओला होणार हे मान्य करा, तो लवकर सुकेल असं बघा. जे दोन-तीन हजार त्या पडद्याचे वाचतात त्यात दोन जोड चांगले सॉक्स आणि एक चांगला इनसोल येतो.

अपवाद एकच, बर्फ. डिसेंबरात केदारकांठाला जायचं असेल तर तिथे ओला पाय म्हणजे खेळ नाही, तिथे वॉटरप्रूफ आणि घोट्याच्या वरचाच बूट पाहिजे. पण तुम्ही वर्षातून एकदा, खरं म्हणजे तीन वर्षांतून एकदा हिमालयात जाणार आणि पंचवीस वेळा गडांवर, तर त्या एका ट्रेकसाठी बूट भाड्यानं घ्या नाहीतर मित्राचे मागा (माप बसत असेल तरच, नाहीतर मैत्री पण जाते आणि नखं पण).

सोल, म्हणजे खरी गोष्ट

इथे जरा लांबण लावणार आहे, चालवून घ्या.

सोलचे ढोबळ दोन थर असतात. जमिनीला लागतं ते रबर, त्याच्या वर मऊ फोमचा थर, हल्ली बहुतेक ईव्हीएचा, काहींत पीयूचा. स्वस्त बुटात चोरी होते ती खालच्या थरात. रबराच्या नावाखाली प्लास्टिकसारखं कडक काहीतरी असतं, दिसायला खाचा मस्त खोल असतात, ट्रॅक्टरच्या टायरसारख्या, आणि दुकानात बघूनच माणूस खूश होतो. त्यावर जाऊ नका. अंगठ्याचं नख खाचेच्या उंचवट्यात दाबून बघा. थोडं रुतलं पाहिजे आणि नख काढल्यावर रबर परत वर आलं पाहिजे. अजिबात रुतलं नाही तर तो सोल ओल्या कातळावर घसरणार हे लिहून ठेवा. एकदम मऊ खोडरबरासारखा असेल तर पकड भारी मिळेल पण डांबरी रस्त्यावर आणि कातळावर दोन सीझनमध्ये सपाट होईल. आपल्याला मधला पाहिजे.

खाचांची खोली चार मिलिमीटरच्या आसपास असली तर पुरे, आणि दोन उंचवट्यांमध्ये जागा पाहिजे, म्हणजे चिखल अडकून बसत नाही, दोन पावलांत झटकला जातो. फार खोल आणि विरळ खाचा चिखलात छान चालतात पण कातळावर रबर कमी टेकतं, आणि आपल्याकडे कातळ जास्त. टाच आणि मधला भाग यांच्यात पायरीसारखी खाच आहे का बघा, उतारावर घसाऱ्यात तीच ब्रेक लावते. सपाट तळाचे स्पोर्ट्स शूज तिथेच मार खातात.

माझी स्वतःची टेस्ट थोडी लाजिरवाणी आहे पण काम करते. दुकानात जाताना पाण्याची बाटली घेऊन जातो, दुकानाच्या दारात गुळगुळीत फरशी किंवा लादी असतेच, मालकाला विचारून त्यावर थोडं पाणी ओततो आणि बूट घालून तिथे पाय सरकवून बघतो. मालक लोक बघतात माझ्याकडे, एका काकांनी तर सरळ विचारलं होतं, "काय आंघोळ घालताय का बुटाला?" पण त्याच दिवशी तीन जोडांमधला सगळ्यात देखणा जोड सर्रकन सरकला आणि सगळ्यात साधा जोड चिकटून बसला, तोच घेतला आणि चार वर्षं वापरला. फरशी म्हणजे कातळ नव्हे हे मला पण कळतं, पण तीन बुटांची एकमेकांशी तुलना करायला बरी.

रबराचा एक जुना किस्सा सांगण्यासारखा आहे. १९३५ साली इटलीच्या आल्प्समध्ये एका चढाईत हवा अचानक फिरली आणि सहा जण थंडीनं गेले, पायातलं पादत्राण त्या बर्फाला आणि थंडीला पुरं पडणारं नव्हतं हे त्याचं एक कारण. त्या गटाबरोबर असलेल्या व्हिताले ब्रामानी नावाच्या माणसानं मग कातळ, बर्फ, चिखल सगळीकडे चालेल असा रबरी सोल करायचा चंग बांधला, टायरवाल्या पिरेलीची मदत घेतली आणि १९३७ मध्ये तो सोल आला. आज महागड्या बुटांच्या तळाला पिवळ्या अष्टकोनात व्हायब्रम लिहिलेलं असतं ते त्याच्याच नावावरून. मला यातली टायरवाली गोष्ट आवडते, कारण आपल्याकडे घाटावरच्या आणि कोकणातल्या गावांत टायरच्या तळाच्या चपला लोकांनी वर्षानुवर्षं वापरल्यात, आणि आपण हजारो रुपयांचे बूट घालून कातळावर बोटं रोवत असताना गावातले मामा त्या चपलेत, डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन बाजूनं निघून जातात. त्यांचा पाय तयार आहे, आपला नाही, म्हणून आपल्याला बूट लागतो.

माप

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. मी पण चुकलो. ऑफर होती, माझा नंबर संपला होता, अर्धा नंबर लहान घेतला, म्हटलं सैल होतील वापरून. खिरेश्वरवरून हरिश्चंद्रगड चढताना काही जाणवलं नाही, दुसऱ्या दिवशी टोलार खिंडीनं उतरताना प्रत्येक पावलाला अंगठा पुढच्या रबराला ठोकत होता, खाली पोचेपर्यंत दोन्ही नखं जांभळी, आठवड्यात काळी, आणि दोन-अडीच महिन्यांनी गळून पडली. बूट लांबीला सैल होत नाही. रुंदीला थोडा होतो, लांबीला नाही.

तर असं करा. बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय सुजतो, ट्रेकला पण सुजणारच आहे. ट्रेकचेच सॉक्स घालून जा, दुकानातले ते पातळ नायलॉनचे पायमोजे नकोत. आतला इनसोल बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा, पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरली पाहिजे आणि पंजा दोन्ही बाजूंनी इनसोलच्या बाहेर ओघळता कामा नये. मग बूट घालून लेस नीट बांधून दुकानाच्या पायऱ्या उतरा, पाय जोरात टाकत उतरा, बोटं पुढे लागली तर तो बूट नको, कितीही ऑफर असू दे. चढताना टाच वर उचलली जाते का तेही बघा, थोडी उचलली तर चालेल, लेसच्या शेवटच्या भोकातून उलटा फास घालून टाच आवळता येते, पण चमच्यासारखी सटकत असेल तर फोड येणार.

नंबर कंपनीगणिक बदलतो. यूके आठ म्हणजे युरोपचा साधारण बेचाळीस, पण एका कंपनीचा बेचाळीस मला बसतो आणि दुसरीचा बोंबलतो. ऑनलाइन घेणार असाल तर आपल्या पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा आणि त्यांच्या तक्त्याशी ताडून बघा, आल्यावर दोन दिवस घरातच फरशीवर घाला, म्हणजे परत करता येतो. आपल्यापैकी खूप जणांचं लहानपण चपलेत गेलंय, पंजा पसरट असतो, म्हणून निमुळत्या टोकाचे बूट कितीही हलके आणि देखणे असले तरी टाळा. बायकांच्या मापात आपल्याकडे चॉइस कमी असतो, माझी बहीण सरळ मुलांच्या सेक्शनमधून घेते, पुढून रुंद मिळतो आणि बऱ्याचदा स्वस्त पण पडतो.

बाकी बघायच्या गोष्टी

बूट हातात घ्या, टाच आणि टोक धरून वाकवा. बोटांच्या मागे जिथे पंजा वाकतो तिथेच वाकला पाहिजे, मधोमध घडी पडत असेल तर ठेवून द्या. मग ओलं कापड पिळतो तसा पिळून बघा, सहज पिळला गेला तर धोंड्यांवर तळपाय दुखणार. टाचेचा मागचा भाग दोन बोटांत दाबा, पुठ्ठ्यासारखा कडक लागला पाहिजे. पुढे अंगठ्यावर रबराची टोपी पाहिजेच, आपल्याकडे पायवाटेत दगड डोकं वर काढून बसलेले असतात. जीभ दोन्ही बाजूंनी बुटाला शिवलेली असली तर खडे आणि कुसळं आत कमी जातात, बारीक गोष्ट आहे पण दिवसभरात दहा वेळा बूट काढणं वाचतं.

घोट्याच्या वर की खाली हा वाद संपणार नाही. माझं मत, स्वस्त बुटात घोट्याभोवती जे असतं तो फक्त फोम असतो, पाय मुरगळायचा तर मुरगळतोच. पण वरचा गळा असला की खडे, कुसळं, काटे कमी शिरतात, आणि सापाच्या दृष्टीनं पण घोटा झाकलेला बरा, कारण पाय पडला तर तो तिथेच चावतो. उन्हाळ्यात गरम होतो आणि सुकायला वेळ लागतो हा तोटा. मी स्वतः मिड-अँकल वापरतो. ज्याला पळत चढायची सवय आहे त्यानं खालचा घ्यावा आणि सॉक्स उंच घालावेत.

वरचं कापड पूर्ण जाळीचं नको आणि पूर्ण चामड्याचं पण नको. चामडं भिजलं की विटेसारखं जड होतं, नीट सुकत नाही, बुरशी येते. घट्ट विणीची जाळी किंवा कापड आणि जिथे घासतं तिथे सुएडचे किंवा रबराचे पट्टे, हे आपल्याकडे सगळ्यात बरं. सेफ्टी शूज घेऊ नका प्लीज, पुढे लोखंड असतं, उताराला बोटांची वाट लागते. मिलिटरीचे डीएमएस बूट मजबूत असतात पण इतके जड की दुसऱ्या टेकडीला जीव नको होतो.

किती पैसे

सगळ्यात खाली हंटर, काही शे रुपयांत. कॅनव्हास लवकर सुकतो, कुसळं आत येत नाहीत, घोटा झाकतो, चिखलात बरा. वनखात्याच्या माणसांच्या पायात मी तो बघितलाय आणि ते लोक आपल्या दहापट चालतात. तोटा म्हणजे आत कुशन नावाची गोष्ट नाही, तळ पातळ, दिवसभर धोंड्यांवर चाललं की तळवे भाजल्यासारखे होतात. आत दोन-तीनशेचा चांगला इनसोल घातला आणि त्यासाठी अर्धा नंबर मोठा घेतला तर कॉलेजच्या पोरांसाठी एकदम पैसा वसूल.

त्याच्या वर हजार ते दोन हजार. एकेकाळी इथे ॲक्शनच्या ट्रेकिंग शूजचं राज्य होतं, सह्याद्रीतल्या जुन्या भटक्यांना विचारा, निम्म्यांच्या पायात तेच असायचे, दिसायला ओबडधोबड पण कातळाला धरायचे. हल्ली डिकॅथलॉनच्या केचुआचे सुरुवातीचे मॉडेल लोक घेतात. नव्यानं सुरू करणाऱ्यानं इथेच थांबावं. महिन्यातून एकदा लोहगड, राजमाची, कळसूबाई करणाऱ्याला हे दोन वर्षं आरामात पुरतात.

महिन्यातून दोन-तीनदा बाहेर पडत असाल, रात्रीचा मुक्काम, पाठीवर दहा किलोची सॅक, तर अडीच ते साडेतीन-चार हजार. इथे रबर खरंच बदलतं आणि फोम लवकर बसत नाही. याच्या वर जे पैसे जातात ते बहुतेक त्या वॉटरप्रूफ पडद्याचे, वजन कमी करण्याचे आणि नावाचे. ज्याला परवडतं त्यानं घ्यावेत, मी नाही म्हणणार नाही, पण कर्ज काढून नको.

आणि जुना महागडा बूट कोणी फुकट देत असेल तर जपून. माझ्याकडे एक भारी जोड होता, जपून ठेवायचा म्हणून माळ्यावर चार वर्षं डब्यात ठेवला. काढला आणि गडाच्या पायथ्याला पहिल्या अर्ध्या तासात मधला थर खारीसारखा चुरा होऊन पडायला लागला. तो पीयूचा फोम होता, दमट हवेत हा फोम आपोआप सडतो, वापरला नाही तर उलट लवकर. ऑनलाइन "स्टॉक क्लिअरन्स" मध्ये मिळणारे जुने माल पण यात येतात. बूट वापरत राहा, जपून ठेवू नका.

घेतल्यावर आधी मोच्याकडे

हे कुठल्याच कंपनीच्या पत्रकात नसतं. स्वस्त बुटाचा सोल फक्त गमनं चिकटवलेला असतो, आणि पावसात भिजणं, उन्हात तापणं असं चार-पाच वेळा झालं की तो गम सोडतो, आणि सोडतो ते नेमका गाडीपासून सगळ्यात लांब असताना. माझा पहिला सोल अंधारबनात निघाला, मगरीसारखा जबडा उघडला, गावातल्या एका दादानं सुतळीनं बांधून दिला आणि भिऱ्यापर्यंत तीन वेळा सुतळी तुटली.

तेव्हापासून नवीन बूट घेतला की तो ट्रेकला नेण्याआधी नाक्यावरच्या मोचीकाकांकडे नेतो. सांगायचं, "सोल चारी बाजूंनी शिवून द्या, नायलॉनच्या दोऱ्यानं." आमचे काका आधी बूट तीन पायांच्या लोखंडावर उलटा घालतात, सोलच्या कडेपासून जरा आत रापीनं एक उथळ चर पाडतात, सगळ्या बाजूनं. हा चर महत्त्वाचा, टाका त्यात बसतो म्हणून दगडाला घासून तुटत नाही, घाईत असलेला मोची हा चर पाडत नाही म्हणून तुम्हीच आठवण करा. मग एक हात बुटाच्या आत, दुसऱ्या हातात आरी, आरी बाहेरून आत जाते, आत बोटांनी दोरा तिच्या आकड्यात अडकवायचा आणि बाहेर ओढायचा. दोऱ्याला मेण चोळलेलं असतं. एका जोडाला अर्धा तास, शंभर-दीडशे रुपये. माझा सध्याचा जोड असा शिवलेला आहे, गमनं कधीच साथ सोडलीय पण सोल जागेवर आहे.

आणि बघा, भोकं पाडून शिवणं हे वॉटरप्रूफ बुटाला करता येत नाही, केलं तर पडदा फाटला, पैसे पाण्यात. साध्या बुटाला तो प्रश्नच नाही.

शिवून आणला की लगेच मोठ्या ट्रेकला जाऊ नका. आठवडाभर घरात आणि ऑफिसला घाला, मग एखादी जवळची टेकडी, पुण्यातले असाल तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या चार-पाच वेळा चढ-उतार, मग सिंहगड. कुठे चावतोय ते तिथेच कळेल, त्या जागी आधीच मेडिकलमधली कापडी पट्टी चिकटवायची, फोड आल्यावर नाही.

सॉक्स कॉटनचे नकोत, ओलं कॉटन कातडी सोलतं. लोकरी मिश्रणाचे किंवा सिंथेटिक, एक जोड पायात आणि एक सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत. कोयनेकडे, आंबोलीकडे पावसात जळवा असतात, त्या लेसच्या भोकातून पण शिरतात, गावातले लोक सॉक्सला मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावतात, मी पण तेच करतो, पाऊस जोरात असला की परत लावावं लागतं. सॅकच्या कप्प्यात एक जादा लेस, दोन हात सुतळी आणि चार प्लॅस्टिकचे केबल टाय, सगळं मिळून पन्नास ग्रॅम पण नाही.

घरी आल्यावर बूट तसाच बाल्कनीत फेकू नका. चिखल पाण्यानं धुवा, ब्रशनं खाचा साफ करा, साबण-डिटर्जंट नको. इनसोल बाहेर काढा, आत जुने पेपर कोंबा, दोन-तीन तासांनी पेपर बदला, पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात किंवा गॅसजवळ ठेवला तर सुकेल लवकर पण गम पण तितक्याच लवकर जाईल. पावसाळ्यात पेपर दोन-तीनदा बदलावा लागतो, एरवी एका रात्रीत होतं.

बूट कधी टाकायचा? टाचेच्या बाहेरच्या कडेच्या खाचा जेव्हा सपाट होतात तेव्हा. पुढचा भाग चांगला दिसत असतो म्हणून आपण ओढत राहतो, पण घसाऱ्यावर उतरताना टाचच लागते. माझा आधीचा जोड असा झालाय, तो आता पावसात बाईकवर ऑफिसला जायला वापरतो, वरून अजून धड आहे.